पाच हजार चाळीस धागे

गिरणीच्या ताणाखात्यातल्या मावशीला दोन नावं होती. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठीमागे पंचहजारी. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून ते तिला आवडायचंही. पण आवडलंय असं दिसलं तर लोक म्हणायचंच सोडून देतील, म्हणून ऐकू आलं की ती कपाळाला आठ्या घालायची.

नाव पडलं ते एका आकड्यावरून. कापड विणायचं तर आधी उभे धागे ताणून घ्यावे लागतात, मग त्यांच्यामधून आडवा धागा फिरतो. या सगळ्या उभ्या धाग्यांचा मिळून होतो तो ताणा. तो एका लांब लोखंडी रुळावर गुंडाळतात, त्याला बीम म्हणतात. या गिरणीचा प्रत्येक ताणा पाच हजार चाळीस धाग्यांचा, आणि तो तयार करायचं काम एकतीस वर्षं मावशीकडे. नाव ठेवलं सुईकाकांनी. ते पलीकडच्या खोलीत बसून बीमवरचे धागे सुईसारख्या वाकड्या हुकाने एकेक ओढून नक्षीप्रमाणे ओवायचे. "पूर्वी पंचहजारीसाठी लोकांना लढाया माराव्या लागायच्या, हिला घरबसल्या मिळाली," असं ते म्हणायचे. वास्तविक मावशी दिवसाचे आठ तास उभी असायची, पण काकांना ते विनोदाच्या आड येत होतं.

एवढे धागे एका दमात ओढता येत नाहीत. एका लोखंडी स्टँडवर सुताचे शंकूसारखे तीनशे साठ कोन अडकवायचे, त्यांचे धागे एका फणीतून काढून माणसापेक्षा उंच अशा चाकावर पट्ट्यासारखे गुंडाळायचे. एक पट्टा झाला की त्याला खेटून दुसरा. असे चौदा पट्टे झाले की तीनशे साठ गुणिले चौदा, पाच हजार चाळीस. मग ते सगळे मिळून बीमवर चढवायचे. मध्येच एखादा धागा तुटला तर चाक तिथल्या तिथे थांबवून गाठ मारावी लागते, नाहीतर तो कायमचा हरवतो. दुसऱ्या गिरण्यांतली यंत्रं धागा तुटला की आपोआप थांबतात म्हणे. इथलं यंत्र जुनं होतं. ते मावशीच्या डोळ्यांनी थांबायचं.

कामाला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने आधीच्या ताणेवाल्या म्हातारीला विचारलं होतं, सरळ पाच हजार का नाहीत, हे चाळीसचं शेपूट कशाला. म्हातारीने हातातलं सूत खाली न ठेवता सांगितलं, "भागून बघ."

मावशीची शाळा चौथीत सुटली होती, पण पाढे पक्के होते. तिने भागून पाहिलं. दोनाने भाग गेला, तिनाने गेला, चाराने, पाचाने, सहाने, साताने, आठाने, नवाने, दहाने गेला. अकराशी गाडी अडली. बाराने पुन्हा सुटली, आणि पुढे चौदा, पंधरा, सोळा, अठरा, वीस, एकवीस, चोवीस. तेव्हा तिला उमगलं. नक्षी सहा धाग्यांची असो, नवाची असो की सोळाची, या ताण्यावर ती कुठेही अर्धवट राहत नाही. शेवटची नक्षी कापडाच्या काठाशी पुरी होते आणि ताणा बदलावा लागत नाही.

त्या दिवसापासून हा आकडा तिच्या डोक्यात घर करून बसला. एकापासून सातापर्यंतचे आकडे एकमेकांनी गुणत गेलं की तो येतो, हे तिला भांडी घासताना सापडलं. आणि नुसते सात, आठ, नऊ, दहा गुणले तरी तोच येतो, हे सापडलं त्या दिवशी भाजी करपली. एकूण किती आकड्यांनी त्याला भाग जातो याची यादी तिने नवऱ्याच्या दुकानातल्या वहीच्या शेवटच्या पानावर केली. तीन रविवार यादी अठ्ठावन्नावर अडकत होती. चौथ्या रविवारी साठ झाले.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर नखाएवढ्या चाकांशी त्याची झटापट चालायची. त्याने यादी पाहिली आणि म्हणाला, "याचे शेजारी कसे आहेत?"

त्याने सहज विचारलं, पण मावशीच्या ते डोक्यात बसलं. अलीकडचा शेजारी पाच हजार एकोणचाळीस. तिने त्याला भागायला घेतलं. सात, अकरा, तेरा, सतरा असं करत ती वर चढत गेली आणि कोणीही आत शिरेना. पलीकडचा पाच हजार एक्केचाळीस हा बरोब्बर एकाहत्तर गुणिले एकाहत्तर निघाला, आणि त्यामुळे अलीकडच्यासाठी कुठे थांबायचं तेही कळलं. एकाहत्तरपर्यंत कोणी भागत नसेल तर पुढे बघायचं कारणच नाही, कारण दोन आकडे गुणून तो बनला असता तर त्यातला एक तरी एकाहत्तरच्या आतला निघाला असता. म्हणजे एका बाजूला कोणालाच दारात उभं न करणारा, दुसऱ्या बाजूला फक्त एकाहत्तरशी बोलणारा, आणि मध्ये साठ जणांना ओसरीवर बसवून घेणारा.

"अगं, शेजाऱ्यांच्या घरात डोकवायची सवय तुझी आकड्यांतही जाईना," नवरा म्हणाला.

असा सगळा सुखाचा मामला होता. तो बिघडला पाच महिन्यांपूर्वी. मावशीच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. आधी वाटलं खात्यातला कापसाचा भुगा असेल. तोंड धुतलं की जाईल म्हणून ती दिवसातून दहादा तोंड धुवायची. मग घरीही धुकं यायला लागलं. एका संध्याकाळी ती दाराआड टांगलेल्या कोटाला "चहा ठेवला आहे" असं सांगून आत गेली. नवरा अजून यायचाच होता, म्हणून अब्रू वाचली. कोट काही बोलला नाही.

तिने हे कोणालाही सांगितलं नाही. ज्याचा अख्खा धंदा डोळ्यांवर, त्या नवऱ्यालाही नाही. सांगितलं की कोणीतरी डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर काहीतरी ठरवून सांगणार, आणि एकदा ठरवून सांगितलं की ते खरं होणार, असा तिचा हिशेब होता. आकड्यांच्या बाबतीत अशी लबाडी तिने जन्मात केली नव्हती. खात्यात मात्र तिने युक्ती काढली. चाक फिरताना ती धाग्यांच्या पट्ट्यावर उलट्या हाताची बोटं हलकेच टेकवून उभी राहायची. धागा तुटला की तिथे सैल लागायचं. पाच महिन्यांत बोटांनी तिला एकदाही फसवलं नव्हतं. पण रोज घरी जाताना मनात यायचं, आजचा एखादा निसटला तर नसेल.

तशात गिरणीत नवे मास्तर आले. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, नीटनेटका होता, आणि आल्या आल्या काहीतरी नवीन करून दाखवायची त्याला घाई होती. त्याने कोन लावायचा जुना डुगडुगता स्टँड काढला आणि नवा आणवला. हिरव्या रंगाच्या वीस उभ्या दांड्या, प्रत्येकीवर अठरा खुंट्या, आणि वर पत्र्याची पाटी, तिच्यावर ठळक अक्षरांत ३६०. पाटीवरची धूळ मास्तर रोज सकाळी रुमालाने स्वतः पुसायचे.

नव्या स्टँडवरचा पहिला ताणा बुधवारी झाला. गुरुवारी सकाळी बीम सुईकाकांकडे ओवायला गेलं. या वेळची नक्षी बारा धाग्यांची होती, म्हणजे चारशे वीस नक्ष्या आणि काम फत्ते. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या थोडं आधी काका शेवटच्या नक्षीशी पोचले आणि हात थांबवून बसले. शेवटच्या नक्षीला बाराऐवजी दहाच धागे होते.

मास्तर आले. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ उभे राहिले आणि मावशीला बोलावणं धाडलं.

"दोन धागे कमी आहेत मावशी," ते म्हणाले. "म्हणजे दोनदा तुटले आणि दोन्ही वेळा तुम्हाला दिसलं नाही."

मावशी बोलणार काय? तिला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.

"गेले काही दिवस बघतोय मी. तुम्ही घड्याळ बघायला भिंतीजवळ जाता. पाटी वाचायला मान वाकडी करता." मास्तरांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "एवढी वर्षं केलंत, कोणी नाव ठेवणार नाही. सोमवारपासून तुम्ही घडीखात्यात बसा. तिथे डोळ्यांना ताण नाही."

घडीखातं म्हणजे विणून झालेल्या कापडाच्या घड्या घालायच्या. बसून काम, पंख्याखाली. कितीतरी जणी त्यासाठी मागे लागायच्या. मावशीला मात्र ते नको होतं. चाक जाणार, एवढ्यासाठी नाही. घडीखात्यात जायचं म्हणजे डोळे गेले हे चारचौघांत ठरलं, आणि तिला तेच ठरू द्यायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती खोक्यावर डबा घेऊन बसली. घास तोंडात फिरत होता. दोन धागे, दोन धागे, असं डोक्यात चाललं होतं. आणि एकतीस वर्षांची खोड काही डबा खातानाही सुटत नाही. डोकं आपोआप भागाकार करायला लागलं. बाराच्या नक्षीत दोन कमी पडले. म्हणजे खरंच दोन कमी असतील, किंवा बारा आणि दोन. एक अख्खी नक्षी गायब झाली आणि वर आणखी दोन गेले, तरी शेवटी काकांना दहाच दिसणार. बारा आणि दोन चौदा.

तिचा घास थांबला. ताण्याचे पट्टे चौदा.

चौदा धागे कमी असतील तर प्रत्येक पट्ट्यात एक कमी आहे. आणि चौदा पट्ट्यांत चौदा वेळा एकेक धागा तुटावा आणि तिच्या बोटांना चौदाही वेळा कळू नये, हे होणं नाही. मग तो तुटलेला नाही. तो मुळात आलेलाच नाही. जो धागा नाहीच, तो न दिसण्यात डोळ्यांचा काय दोष?

ती डबा तसाच ठेवून उठली. पण दाराशी येऊन ती थांबली. चौदा हा आकडा तिला फार हवा होता, आणि फार हवंसं उत्तर आलं की आधी त्याच्यावर संशय घ्यावा, एवढं ती आकड्यांकडून शिकली होती. दोनही असू शकत होते. बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बघायची तिला भीती वाटत होती.

सुईकाका आपल्या स्टुलावर चहा पीत होते. तिने चौदाचा हिशेब सांगितला.

"नक्ष्या मोजल्यात?" तिने विचारलं. "दोन कमी असतील तर पुऱ्या नक्ष्या चारशे एकोणीस भरतील. चौदा कमी असतील तर चारशे अठरा."

"मोजल्या की. मास्तर गेल्यावर दोनदा मोजल्या." काकांनी कप खाली ठेवला. "एकदा चारशे एकोणीस आल्या, एकदा चारशे अठरा."

"काका."

"मग? मध्ये मास्तर येऊन विचारतात, झालं का. आकडा सुटतो डोक्यातून. एकाच नक्षीचा तर फरक आहे, रुंदीत बघायला गेलं तर करंगळीच्या नखाएवढाही नाही."

मावशी बीमसमोर उभी राहिली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिला धागे दिसत नव्हते, नुसता पांढरा पडदा दिसत होता.

"मग आकडा लक्षात ठेवायचाच नाही," ती म्हणाली. "सातसातने सोडत जायचं. किती सात झाले ते विसरलं तरी चालेल. शेवटी काय उरतं तेवढं बघायचं."

"सातच का?"

"पाच हजार चाळीसला साताने भाग जातो. चौदालाही जातो. चौदा गेले असतील तर राहिलेल्यांनाही सात पुरून जाणार, शेवटी काही उरणार नाही. दोनच गेले असतील तर पाच उरतील."

काकांनी बोटांवर थोडं करून पाहिलं, मग नाद सोडला. "म्हणजे पाच उरले तर," त्यांनी सुरुवात केली.

"तर मी घडीखात्यात," मावशी म्हणाली.

मास्तरांनी चारपर्यंत वेळ दिला. चारला बीम मागावर चढणार होतं. त्यांना हे सगळं वेड्यासारखं वाटलं असावं, पण ते नाही म्हणाले नाहीत, हे त्यांच्या नावावर लिहायला हवं.

बीमच्या मागच्या बाजूला दोन काठ्या असतात. त्यांच्यावरून धागे एकाआड एक वरखाली गेलेले असतात, त्यामुळे प्रत्येक धागा वेगळा हाताला लागतो. मावशीने हिरव्या दोऱ्याचं रीळ घेतलं. सात धाग्यांच्या वरून दोरा न्यायचा, पुढच्या सातांच्या खालून. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिने ते सरळ मिटून घेतले आणि बोटांनी मोजायला लागली. काका तिच्या मागोमाग, नाकावर चष्मा ओढून, प्रत्येक सात आपल्या हुकाने पुन्हा मोजत होते.

अर्धा तास असाच गेला. मग काका म्हणाले, "थांबा. इथे आठ घेतलेत."

तिने दोरा मागे घेतला, पुन्हा मोजले. खरंच आठ होते. दोन धागे एकमेकांना चिकटून आले होते आणि बोटाला एकच लागला होता. आता बोटंही फसवायला लागली, असं तिच्या मनात आलं, आणि क्षणभर तिला वाटलं की सोडून द्यावं, घडीखात्यात पंखा तर आहे.

"चालू द्या," काका म्हणाले. "तुमच्याकडून चुकलं तर मी आहे. माझ्याकडून चुकलं तर तुम्ही आहात. दोघांकडून एकाच ठिकाणी चुकायला दोघं नवराबायको असावं लागतं."

मावशी हसली आणि पुढे मोजू लागली. मध्ये दोनदा पाणी प्यायली. किती सात झाले हे तिने मुद्दाम मनात येऊ दिलं नाही. काठीवर किती धागे राहिलेत तेही पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मन आधीच मोजून मोकळं झालं असतं. वरून सात. खालून सात. वरून सात.

मग तिचं बोट पुढे सरकलं आणि गुळगुळीत लाकडाला लागलं.

तिला वाटलं धागे सरकलेत. तिने बोट मागेपुढे फिरवलं.

"काका, पुढचे कुठे आहेत?"

"पुढे काही नाही."

"नीट बघा. पाच असतील. चिकटले असतील."

"शेवटचे सात तुमच्या दोऱ्याखाली आहेत, मी तीनदा मोजलेत," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पंचहजारी, पुढे काही नाही."

मावशी खाली फरशीवरच बसली. रडू वगैरे आलं नाही. आधी सगळं अंग हलकं झालं, आणि पाठोपाठ इतकी भूक लागली की तिने काकांना आपला डबा आणायला पाठवलं. डब्यातलं थंडगार जेवण तिने तिथेच बीमला टेकून पुसून खाल्लं. मास्तर आले तेव्हा ती बोटं चाटत होती.

"चौदा कमी आहेत," तिने सांगितलं. "आता स्टँड बघू या."

मास्तरांनी पाटीकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाली, चौदा पट्ट्यांत चौदा कमी म्हणजे प्रत्येक पट्टा तीनशे एकोणसाठचा झालाय. आणि तीनशे एकोणसाठ हा पाच हजार एकोणचाळीसच्या जातीचा, कशानेच भाग न जाणारा. त्याच्या सारख्या ओळी होऊच शकत नाहीत. "म्हणजे वीसपैकी एखादी दांडी आखूड असणार. एकच. ती शोधायची."

ती सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. भिंतीकडची सोळावी दांडी. खाली गुडघ्याच्या उंचीवर वीजवाल्याने बटणांची पेटी बसवली होती, आणि पेटी बसेना म्हणून एक खुंटी कापून टाकली होती. कापलेल्या जागी त्याने हिरवा रंगही लावला होता, माणूस कामाला चोख. मास्तरांनी त्या दांडीवरच्या खुंट्या मोजल्या. सतरा. पुन्हा मोजल्या. मग खालून वर मोजल्या.

"पण पाटीवर तीनशे साठ लिहिलंय," ते म्हणाले.

"मग पुढचा ताणा पाटीलाच काढायला सांगा," काका म्हणाले.

मावशीने काकांना डोळ्यांनी दटावलं. "माझंही चुकलं," ती म्हणाली. "जुन्या स्टँडच्या खुंट्या मी दर महिन्याला हाताने मोजायचे. हा नवा, वर पाटी लावलेली, म्हणून मोजला नाही."

कापडाचं फार नुकसान झालं नाही. चौदा धाग्यांच्या वेगळ्या कांड्या बीमच्या कडेला टांगल्या, काकांनी ते धागे ओवून शेवटच्या दोन नक्ष्या पुऱ्या केल्या, आणि बीम चारऐवजी पाचला मागावर चढलं. कापलेली खुंटी परत बसवायची चिठ्ठी मास्तरांनी स्वतः लिहिली. मग ते मावशीपाशी आले आणि रुमालाशी चाळा करत उभे राहिले.

"मी उगाच तुमच्या डोळ्यांवर संशय घेतला," ते म्हणाले. "माझं चुकलं. सोमवारी तुम्ही इथेच या."

इथे मावशी गप्प बसली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. निदान त्या सोमवारी तरी नाही. पण मघाशी अंगावरून जे ओझं उतरलं होतं, त्याच्या जागी दुसरं चढवून घरी जायची तिला इच्छा होईना.

"संशय खोटा नव्हता मास्तर," ती म्हणाली. "धागे माझ्याकडून सुटले नाहीत, एवढंच खरं. डोळ्यांना धुकं दिसतं. पाच महिने झाले. मी बोटांनी चालवतेय."

सुईकाका आपल्या सुतात तोंड घालून बसले होते, त्यांनी मान वर केली.

"मग मघाशी का नाही बोललात?" मास्तरांनी विचारलं.

"मघाशी बोलले असते तर न केलेल्या चुकीची कबुली झाली असती. आता माझं मी सांगतेय."

मास्तरांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "आधी डोळे दाखवून या. काय म्हणतात ते बघू. तोवर चाक मी सांभाळतो, पण चाक तुमचंच."

"मास्तर सांभाळणार म्हणजे कापडाचं काही खरं नाही, लवकर बऱ्या व्हा," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता नवऱ्याच्या दुकानात गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. नवऱ्याने हातातलं घड्याळ उघडंच ठेवलं, डोळ्याचं भिंग काढलं, आणि दुकानाचं फळकूट लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्या बाकावर होती.

डॉक्टरीणबाईंनी मावशीची हनुवटी एका यंत्रावर टेकवली, दोन्ही डोळ्यांत उजेड पाडला, वर बघा, खाली बघा म्हटलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. उजवा आधी काढू, महिन्याने डावा."

"आणि मग?" मावशीने विचारलं.

"मग दिसेल."

"धागा दिसेल? सुताचा, एकेरी?"

"चांगला दिसेल. एका डोळ्याला वीस मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतो." आणि बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली, कारण बाहेर रांग होती.

दवाखान्याचा जिना उतरताना मावशीने कठडा धरला होता. वीस मिनिटं. पाच महिने ती रोज सकाळी डोळे उघडून आज किती गेलं ते बघत होती, आणि काम होतं वीस मिनिटांचं. तिला स्वतःचा राग आला, पण तो टिकेना, कारण त्याच्या खालून आनंद इतका वर येत होता.

"मी तुम्हाला इतके दिवस सांगितलं नाही," ती म्हणाली. "रागावलात?"

नवरा दोन पायऱ्या पुढे होता. तो थांबला, पण लगेच वळला नाही.

"पाच महिने तू जेवताना मान वर करत नव्हतीस," तो म्हणाला. "बोलतानाही भिंतीकडे बघायचीस. मला वाटत होतं, आता या वयात तुला माझा कंटाळा आला. विचारायचा धीर होत नव्हता. काल दुकानात तू डोळ्यांचं सांगितलंस, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगू, आधी बरं वाटलं."

ती दोन पायऱ्या उतरून त्याच्यासमोर आली, आणि त्याच्या तोंडाकडे, जेवढं दिसत होतं तेवढं, जाणारे येणारे बाजूने जात असताना, बराच वेळ निरखून बघत राहिली.